सव्वा हात

सव्वा हातच का? एक हात म्हटलं असतं तरी चाललं असतं, दोन हात म्हटलं असतं तरी म्हणणाऱ्याचा राग पोचला असता. पण म्हण सव्वावरच अडून बसते: उधारीचं पोतं सव्वा हात रितं. किराण्याच्या वहीत महिन्याची बेरीज मारायला बसले की हल्ली हा सव्वा आधी आठवतो आणि बेरीज तशीच राहते.

हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर. २४ अंगुळं, साधारण १८ इंच. सव्वा हात म्हणजे साडेबावीस इंच. शंभर किलो धान्य मावणारं जुनं तागाचं पोतं लांबीला साधारण ४४ इंच असायचं. म्हणजे म्हणीतलं पोतं थोडंथोडकं नाही, निम्मं रिकामं आहे. म्हण करणाऱ्याने पट्टी लावून ती केली नसणार, हे मलाही कळतं. तरी मला तो आकडा खरा धरावासा वाटतो. कारण निम्मं रितं पोतं लपत नाही. ते पाठीवर घेणाऱ्या हमालाला कळतं, दारात टेकवून घेणाऱ्या बाईला तर नुसत्या बघण्याने कळतं. आणि तरीही ते घरात येतं. दुकानदाराच्या लबाडीवरची म्हण म्हणून सगळे ती वापरतात. मला ती घेणाऱ्याच्या गप्प राहण्याची म्हण वाटू लागली आहे. रोख मोजणारा भांडू शकतो. ज्याचं नाव वहीत आहे, तो माप नीट भरा असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

शिवाय सव्वा हे आपल्याकडे देवाचं माप. सत्यनारायणाच्या प्रसादाला रवा सव्वा, साखर सव्वा, तूप सव्वा. पुरेपूर भरून वर थोडं, अशी त्यामागची भावना. तेच माप म्हणीने रितेपणाला लावलं. म्हणजे उणीवही पुरेपूर भरून आणि वर थोडी.

सासूबाई ही म्हण सहज बोलतात. त्यांचा सगळा संसार शहाडला झाला. एका बाजूला सेंच्युरी रेयॉन, पलीकडे मोहोन्याला एनआरसी, आणि या दोन कारखान्यांच्या पगारावर चालणाऱ्या चाळी, दुकानं, पिठाच्या गिरण्या. सासरेही रेयॉनमध्येच होते. १९३६ च्या पगाराच्या कायद्याने हजाराच्या आत कामगार असलेल्या कारखान्याला महिना संपल्यावर सात तारखेच्या आत पगार करावा लागे, त्याहून मोठ्या कारखान्याला दहा तारखेच्या आत. त्यामुळे कॅलेंडरवरचा महिना एकीकडे आणि घरातला महिना दुसरीकडे. घरातला महिना पगार हातात पडला की सुरू व्हायचा, आणि त्याआधीचे आठ-दहा दिवस कुठल्याच महिन्यात नसायचे. ते दिवस वाण्याच्या वहीत असायचे.

यावर विचार करताना मी भलतीकडेच गेले. किराण्याचा हिशेब महिन्यावर ठेवायचा, हे ठरवलं कुणी? पगाराने. शेतावरच्या घराला महिना माहीत नव्हता, त्याला वर्ष माहीत होतं. आमच्या शेजारच्या आगरी कुटुंबात अजून मे महिना उजाडला की आगोटीची खरेदी निघते. सुके बोंबील, जवळा, सोडे, तांदूळ, कांदे, लसूण. पाऊस लागायच्या आत चार महिने घरात भरून ठेवायचे. मिरच्या उन्हात वाळतात, देठं खुडली जातात, मग धणे, हळकुंडं आणि बाकीचा गरम मसाला घेऊन डंकावर रांग लावायची. त्या एका महिन्यात मसाल्याचाच खर्च एवढा होतो की वहीतला ठरलेला आकडा कोसळतो. पण तो कोसळला असं म्हणायचं का? पुढचे अकरा महिने मसाल्याचं पाकीट आणायचं नसतं. वर्षाच्या हिशेबात ती बचत, महिन्याच्या हिशेबात ती उधळपट्टी. सगळं बाराने भागून बघितलं, तर ते हिशेबाला पटतं, पण मेमधल्या पाकिटातल्या पैशांना पटत नाही. ते एकदाच द्यावे लागतात.

जूनमध्ये आणखी एक गोष्ट. स्टेशनबाहेर मुरबाड-शहापूरकडच्या कातकरी आणि ठाकर बायका रानभाज्या घेऊन बसतात. आधी शेवळं, मग टाकळा, भारंगी, करटुली. वजनकाटा नाही, वाटे लावलेले. शेवळं घेतली की काकडं शोधायची, सोबत सोडे नाहीतर वाल, म्हणजे एका भाजीमागे तीन खर्च. ही भाजी यादीत कुठे लिहायची? ती गरजेची नाही. पण ती बाई पहाटे रानातून शेवळं खुडून, जीपने, मग लोकलने इथवर येते आणि तो वाटा संपला की तिच्या घरी मीठ-तेल जातं. तिच्या वाट्यावर दहा रुपये कमी करून घेतले की माझा आकडा सांभाळला जातो. मी ते करत नाही. पण ते करणाऱ्या बाईला वाईट म्हणायची माझी तयारी नाही, कारण तिच्या घरचा आकडा मला माहीत नाही.

रोखीचं पोतं तरी भरलेलं असतं का? पाकीटबंद माल ठरावीक वजनातच विकायचं बंधन २०२२ मध्ये गेलं. लिटरच्या तेलाच्या पिशवीशेजारी आता ८५० ग्रॅमची, ८०० ग्रॅमची पिशवी ठेवलेली असते आणि लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. ग्रॅमचा दर पाकिटावर छापावा लागतो, पण तो एवढा बारीक की मलाच तो सासूबाईंना वाचून दाखवावा लागतो. म्हणजे रोख पैसे मोजूनही काही बोटं रितंच.

उलट उधारीचं काय सांगावं! १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो सुटल्याचं कुणी कधी जाहीरच केलं नाही. त्या काळातून गेलेली माणसं अजून सांगतात, की वाण्याने वही बंद केली नाही म्हणून चूल पेटली. २००९ मध्ये एनआरसी बंद पडली, तेव्हा मोहोन्यात किती वह्या उघड्या राहिल्या असतील, आणि त्यातल्या किती मिटल्याच नसतील? म्हणीला हे माहीत नाही. की माहीत असून ती बोलत नाही? सव्वा हात रितं असलं, तरी ते पोतं दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं.

सासूबाईंच्या तरुणपणीचं एक साल मला पुन्हा पुन्हा विचारावंसं वाटतं: १९७२. दुष्काळ, रेशनवरचा लाल मिलो, तेल-साखर-रॉकेलसाठी रांगा. त्याच वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या. एरवी एका व्यासपीठावर न दिसणाऱ्या बायका तेलाच्या आणि रव्याच्या भावासाठी एकत्र आल्या. लाटणी हातात घेऊन मोर्चे निघाले. ठरलेल्या वेळी घराघरांतून रिकाम्या थाळ्या वाजवल्या गेल्या. ज्या बायका कधी सभेला गेल्या नव्हत्या, त्या आपल्या स्वयंपाकघरातूनच त्या आंदोलनात होत्या, कारण थाळी वाजवायला उंबरा ओलांडावा लागत नाही. पुढे आणीबाणी आली, काही नेत्या तुरुंगात गेल्या.

हे मला का सोडवत नाही, ते सांगायचा प्रयत्न करते. त्या बायका स्वतःच्या घरी काटकसरच करत असणार. पण महिना पुरत नाही हा दोष त्यांनी आपल्या अंगावर घेतला नाही. त्यांनी भाव विचारला. साठा कुणी केलाय, ते विचारलं. आज आम्ही मैत्रिणी भेटतो तेव्हा एकमेकींना युक्त्या सांगतो: याद्या करा, भुकेल्या पोटी दुकानात जाऊ नका, मोठं पाकीट घ्या, ऑफरच्या वारी जा. सगळ्या युक्त्या चांगल्या आहेत, मी त्या वापरते. पण बोलण्याच्या शेवटी महिना पुरला नाही, तर ती त्या बाईची हुशारी कमी पडली, असा सूर राहतो. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो दीडशे-दोनशे रुपये किलोला गेला, तेव्हा आम्ही काय केलं? चिंच आणि आमसूल वापरलं. बरं केलं की वाईट? थाळी कुणीच वाजवली नाही.

पण थाळी वाजवली असती, तरी त्या रात्रीचा स्वयंपाक कुणालातरी करावाच लागला असता. १९७२ मध्येही तो झालाच असेल. मोर्च्यावरून परत येऊन, कमी तेलात.

सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला आणि त्यात खाण्यापिण्याचा वाटा ३९.६८ टक्के. १९९९-२००० मध्ये हाच वाटा ४८ टक्के होता. उत्पन्न वाढतं तसा अन्नाचा वाटा घटतो, असं एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच मांडून ठेवलं आहे. मी त्या आकड्यांचा गुणाकार केला. चार माणसांना सुमारे अकरा हजार. आमच्या वहीत वरच्या कोपऱ्यात दहा लिहिलेले असतात, दूध-भाजीसकट, आणि बहुतेक महिने ते पुरतात. यात समाधान वाटायला हवं होतं. पण पाहणी घराचा खर्च विचारते आणि घरातल्या माणसांनी भागते. त्या भागाकारात प्रत्येकाच्या ताटात सारखंच पडतं. खऱ्या घरात तसं पडत असतं का? ठरलेला आकडा पाळला गेला, तेव्हा कुणाच्या वाटीत वरण पातळ होतं, शेवटची भाकरी कुणी नको म्हटलं, आजारपणात फळं कुणासाठी आली आणि कुणासाठी आली नाहीत, हे कुठल्या रकान्यात येतं? पोत्यातला सव्वा हात घरापर्यंत आला, की तो सगळ्यांत विभागला जात नसणार. तो बहुतेक एकाच माणसाकडे जात असणार आणि ते माणूस शेवटी जेवायला बसणारं असणार.

हे मी सासूबाईंना विचारलं. इतक्या सरळ नाही, आडून विचारलं. त्या म्हणाल्या, “मला कधी कमी पडलं नाही गं. मी करणारी, माझ्या हातात होतं सगळं.” वाण्याबद्दल विचारलं, तर म्हणाल्या की तो तर वर मूठभर घालायचा, पोरांच्या नावाने. मग ती म्हण? ती त्यांच्या सासूने शिकवलेली, आणि ती घरातल्या पुरुषांना ऐकवायची असायची, पगाराआधीच दुसऱ्या कुठल्या दुकानात नाव लागू नये म्हणून.

त्यांचं खरं धरलं, तर मी इतका वेळ ज्या बाईसाठी हळहळत होते ती आमच्या घरात तरी नव्हती. खरं नाही धरलं, तर मी त्यांच्याच आयुष्याबद्दल त्यांना खोटं पाडते. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. त्या तांदूळ निवडत होत्या आणि बोलणं त्यांच्या दृष्टीने संपलं होतं. लेकीने तिच्या फोनवर खर्चाचा तक्ता केला आहे, त्यात किराण्याचा एक रकाना आहे आणि आकडा ओलांडला की तो लाल होतो. ती म्हणते, आई, दहाचे अकरा कर, म्हणजे तुला रोज विचार करावा लागणार नाही. मी अकरा लिहिले. मग वाटलं, अकरा लिहिले की अकरा जातील, आणि त्या हजारातून घरातल्या कुणाच्या ताटात जास्त पडेल हे मला सांगता येणार नाही. म्हणून पुन्हा दहा केले. तेव्हा असं वाटलं, की हे मी नक्की कुणाच्या ताटातून काढून घेतले?