काजळाची रेघ

काजळ हा आपल्या समाजात नुसता शृंगार कधीच मानला गेला नाही. रत्नागिरीच्या बाजूने करारावर मॉरिशसला गेलेल्या आपल्या पूर्वजांपाशी मालमत्ता म्हणावी असे फारसे काही नव्हते. पण पणती, एरंडेल आणि पितळेची थाळी एवढ्यावर होणारी ही वस्तू त्यांच्या बायकांनी उसाच्या मळ्यांतही चालू ठेवली. आजीकडून ती आईस मिळाली आणि आईबरोबर बर्लिनला आली. मी येथेच जन्मले, येथल्याच शाळांत शिकले व आज येथेच शिकवते. तरी गणेशोत्सव जवळ आला की झाकरी नाचणाऱ्या मुलींचे डोळे रेखण्याचे काम माझ्याकडे येते.

काजळ धरण्याची रीत सोपी आहे. कापसाची जाड वात एरंडेलात भिजवून पणती लावावी, दोन्ही बाजूंस वाट्या उपड्या ठेवून त्यांवर थाळी पालथी घालावी, ज्योतीचे टोक तिला जेमतेम लागावे. तासाभराने थाळीच्या पोटाशी मखमलीसारखी काजळी धरते. ती चमच्याच्या पाठीने खरवडून साजूक तुपाच्या एकदोन थेंबांत खलली की झाले. बर्लिनच्या घरांत मात्र २०२० च्या अखेरपर्यंत धुराची सूचना देणारी यंत्रे बसवणे सक्तीचे झाले, आणि त्या यंत्रास काजळाचा धूर व आगीचा धूर यांतला भेद कळत नाही. म्हणून आमची पणती गॅलरीत लागते व वाऱ्यापासून तिला राखण्यास एका मुलीस पातेले आडवे धरून बसवावे लागते.

घरात जे डोळे सुंदर दिसतात ते सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून दिसतच नाहीत. प्रखर झोतात चेहरा सपाट होतो. म्हणून मी प्रथम पापणीच्या वरच्या खोबणीत तपकिरी भुकटी फिरवते. त्याने डोळा खोल वाटतो. मग मुलीस मांडीवरच्या आरशात पाहावयास सांगून वरच्या पापणीच्या केसांलगत रेघ ओढते. नाकाकडे ती अगदी बारीक, कानाकडे रुंद, आणि शेवटी भुवईच्या टोकाच्या रोखाने किंचित वर. खालची रेघ वरचीस बाहेरच्या कोपऱ्यात मिळू द्यावयाची नाही. मधली जागा मोकळी राहिली की डोळा मोठा भासतो. कोपर टेबलावर टेकलेले असावे, हवेतला हात कापतो. आणि दोन्ही डोळे जुळवण्याच्या हट्टापायी रेघा जाड होत जातात, तेथे वेळीच थांबता आले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मॉरिशसहून माझी आत्या आली होती. तिने पिशवीतून सुरम्याची एक कुपी काढली. “अगं, घरचं काजळ पसरतं. हा घाल, पोरींचे डोळे कसे तलवारीसारखे दिसतील!” कुपीवर आत काय आहे ह्याचा एक शब्दही नव्हता.

“आत्या, हा मी मुलींना लावणार नाही.”

“का? आम्ही काय आंधळ्या झालो?”

आंधळे कोणी होत नाही, भय निराळेच आहे. जुन्या पद्धतीचा सुरमा पुष्कळदा गॅलेना ह्या खनिजाचा असतो, आणि गॅलेना म्हणजे शिसे व गंधक. डोळे चोळलेला हात मुले तोंडात घालतात आणि शिसे पोटात जाते. मुलांच्या वाढत्या मेंदूस त्याची निर्धोक अशी मात्रा वैद्यकास ठाऊक नाही. यूरोपीय संघाच्या २००९ च्या नियमांनी प्रसाधनांत शिसे वापरण्यास मनाई केली आहे. ज्या मुलींना मी सोमवारी अपूर्णांक शिकवावयाचे, त्यांच्याच पापण्यांवर रविवारी मी ते कसे लावावे?

हा दोष केवळ आपल्याकडचा, असेही नव्हे. यूरोपातील नटही एकेकाळी शिशाचा पांढरा रंग तोंडास फासत. लुडविग लाइशनर हा ऑपेरातला गायक. त्याने १८७३ मध्ये ह्याच बर्लिन शहरात शिसेविरहित रंगभूषेचा कारखाना काढला. रंगमंचाची शोभा त्यामुळे रतिभरही उणी झाली नाही.

आत्याला मी नॉयेस म्युझियममध्ये नेफर्टिटीचा अर्धपुतळा पाहावयास नेले. १९१२ मध्ये ईजिप्तमधील अमार्ना येथे तो सापडला. वय सुमारे ३,३०० वर्षे. उजव्या डोळ्यात स्फटिक आहे, डावी खोबण रिकामी. आणि दोहोंभोवती आपल्या मुलींसारखीच ठसठशीत काळी रेघ. त्या काळ्या रंगाच्या परीक्षणात कोळसा व मेण आढळले. ईजिप्तचे लोक स्वतः गॅलेना लावीत, पण मूर्तिकाराने राणीस दिले ते काजळी आणि तूप यांचेच भावंड! आत्या बराच वेळ उभी राहिली. “बाईचं नाक चांगलं आहे,” एवढेच म्हणाली.

तेव्हापासून आमची व्यवस्था अशी: डोळ्यांस तपासलेल्या काजळाची पेन्सिल, प्रत्येकीची वेगळी, म्हणजे एकीचे दुखणे दुसरीस लागावयास नको. घरचे काजळही डोळ्याच्या आत घालीत नाही. काजळीत अर्धवट जळलेल्या तेलाचे अंश राहतात आणि तेही निर्मळ नव्हेत. त्याची फक्त तीट, कानामागे. आत्याला हे सगळे पटले असे नाही. कुपी तिने परत नेली. पण त्या दिवशी तीट लावण्यास पाट मांडून तीच बसली आणि रांगेत उभ्या असलेल्या दोन जर्मन मैत्रिणींनाही तिने सोडले नाही.

कार्यक्रमानंतर डोळे मिटवून खोबरेलात भिजवलेल्या कापसाने रेघा पुसल्यावाचून मी कोणास घरी जाऊ देत नाही. तीट मात्र मुली पुसू देत नाहीत. सोमवारी वर्गात फळ्याकडून वळले की एखादीच्या कानामागे ती अजून दिसते.