आमचे आबा

इतिहासाच्या पुस्तकात बुऱ्हाणपूरचे नाव येते, ते नेहमी राजेरजवाड्यांच्या संगतीने येते. फारुकी सुलतानांनी तापीच्या काठी हे शहर वसविले. १६०१ साली अशीरगड घेऊन अकबराने खानदेश आपल्या राज्यास जोडला. १६३१ साली मुमताजमहल येथेच निवर्तली. आग्र्यास नेईपर्यंत तिचा देह तापीपलीकडे झैनाबादेस विसावला होता. १६६७ साली मिर्झाराजे जयसिंगांनीही याच गावी देह ठेवला. अशा या इतिहासप्रसिद्ध गावात आमच्या आजोबांनी तीस वर्षांहून अधिक काळ टपाल वाटले. त्यांचे नाव कोणत्याही शिलालेखावर नाही. तरीही बुऱ्हाणपूर म्हटले की आम्हां नातवंडांच्या डोळ्यांपुढे बादशहा उभा राहत नाही. खाकी कोट घातलेले, खांद्याला पिशवी अडकवून शनवाऱ्याकडून घाईघाईने येणारे आमचे आबाच उभे राहतात.

आबा मूळचे रावेर तालुक्यातले. मराठी सातवीपर्यंत त्यांचे शिक्षण झाले होते आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे बाळबोधीबरोबर मोडीही त्यांच्या हातात चांगली बसली होती. नोकरीसाठी ते बुऱ्हाणपुरास आले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की येथे एवढ्यावर भागणार नाही. विणकरांच्या वस्तीत उर्दू पत्ते येत, पेढ्यांवर गुजराती येत, कचेऱ्यांत इंग्रजी येत. आबांनी तक्रार केली नाही. एका वृद्ध विणकराकडे, मागाची खटखट चालू असताना, पायरीवर बसून त्यांनी उर्दू अक्षरे गिरविली. एका पेढीवरच्या मुनीमांकडून गुजराती उचलली. दोनतीन वर्षांत असे झाले की, ज्या पत्राचा पत्ता कोणाला लागत नसे, ते बिनदिक्कत ‘डाकबाबूं’च्या हाती दिले जाई. राजपुरा, इतवारा, लोहारमंडी, शिकारपुरा या भागांत त्यांना ओळखत नाही असे घर क्वचितच असेल.

त्या काळी पत्र देणे हे अर्धेच काम असे. पुष्कळ घरी पत्र वाचणारेच कोणी नसे. तेव्हा पत्र देणाऱ्यानेच ते वाचूनही दाखवावे लागे. मृत्यूची वार्ता असलेल्या कार्डाचा कोपरा फाडण्याची चाल होती. तसे कार्ड पिशवीत निघाले की आबा त्या दिवशीची आपली वाट बदलीत. बाकीचे सारे टपाल वाटून ते घर अगदी शेवटी घेत. आम्हांला याचे नवल वाटे. आजीने एकदा कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, “अगं, असे कागद उंबऱ्यातून टाकून पुढे जाता येत नाही. घटकाभर बसावे लागते. पिशवीत दुसऱ्यांची पत्रे असली, तर बसणार कसे?”

मनीऑर्डरीचे पैसे ते घेणाऱ्याच्या तळहातावर मोजून ठेवीत, कुपनावरच्या दोन ओळी मोठ्याने वाचीत आणि मगच अंगठा घेत. कोणी बक्षिसी पुढे केली, तर “पाणी द्या, पुरे झाले,” म्हणत. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे चालू झाले, तेव्हा बाजारात मोठाच गोंधळ उडाला. सोळा आण्यांचे शंभर नवे पैसे कसे, हे म्हाताऱ्या माणसांना उमगेना. आपण फसविले जात आहोत अशी त्यांची खात्रीच झाली. त्या दिवसांत आबा संध्याकाळी आमच्या ओट्यावर खडूने आणे व पैसे यांचा तक्ता मांडून बसत आणि येईल त्याला समजावून देत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले आणि निमाड जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. आमच्या नात्यागोत्यातील मंडळी काळजीत पडली. “जळगावास बदली मागून घ्या, मुलाबाळांची मराठी जाईल,” असा आग्रह जो तो करू लागला. आबांनी तो मानला नाही. ते म्हणत, “मराठी सरकारच्या हद्दीवर राहत नाही, ती घरात राहते. आपण बोललो तर राहील, न बोललो तर जळगावातही जाईल.” मात्र हे नुसते बोलून ते थांबले नाहीत. दर रविवारी घरातल्या प्रत्येक मुलाने एका नातलगास मराठीत कार्ड लिहिलेच पाहिजे, असा त्यांनी दंडक घातला. ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडली की ते कार्ड पेटीत पडत नसे. पुढे हाच नियम आमच्या वाट्यास आला. शाळेत हिंदी, गल्लीत उर्दू व निमाडी आणि घरात मराठी अशा तिन्ही बाजूंनी आम्ही वाढलो; पण एकीमुळे दुसरी उणी झाली असे आम्हांला कधी वाटले नाही.

सुट्टीच्या दिवशी ते आम्हांला गाव दाखवीत. जामा मशिदीतील अरबी लेखाच्या जवळच कोरलेला संस्कृत लेख त्यांनीच आम्हांला प्रथम दाखविला. लालबागेजवळचा कुंडी भंडारा हे तर त्यांचे आवडते ठिकाण. १६१५ साली अब्दुल रहीम खानखानाच्या काळात ही योजना झाली. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत, केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणलेले आहे. कुंडीच्या काठावर वाकून खालच्या पाण्याचा आवाज ऐकवीत आबा म्हणत, “बादशाही गेली, पाणी चालू आहे.” परत येताना माव्याची जिलबी ठरलेलीच असे.

पण आबा खरे कसे होते, हे आम्हांला एका प्रसंगाने कळले. गावाकडे आमच्या घराण्याची एक विहीर होती. ती सर्वस्वी आमचीच, असे आमचे म्हणणे. निम्मे पाणी आपले, असे शेजाऱ्याचे. वाद कोर्टात जाण्याच्या बेतास आला, तेव्हा पणजीच्या ट्रंकेत एक जुना मोडी कागद सापडला. गावात मोडी वाचणारे आता कोणी उरले नव्हते. आबा वाचतील ते मान्य, असे दोन्ही पक्षांनी ठरविले. आबांनी कागद दोनदा मनात वाचला आणि मग मोठ्याने वाचून दाखविला : निम्मे पाणी शेजाऱ्याचे होते.

त्यांचे थोरले बंधू संतापले. “तू थोडे निराळे वाचले असतेस, तर कोणास कळणार होते?” आबा शांतपणे म्हणाले, “दादा, कोणास कळणार नव्हते, म्हणूनच आहे तसे वाचावे लागले.” पुढे दोन वर्षे थोरले आजोबा त्यांच्याशी बोलले नाहीत. आबांना त्याचे दुःख होते. दिवाळीला त्यांना कार्ड लिहिताना त्यांचा हात थबके, हे आम्ही पाहिले आहे. पण त्या वाचनाचा पश्चात्ताप त्यांना झालेला आम्ही कधी पाहिला नाही.

१९८१ साली आबा गेले. त्यांच्या पेटीत मोडीत लिहिलेल्या काही वह्या निघाल्या. त्या वाचता याव्यात, एवढ्याचसाठी आम्ही भावंडांनी पुस्तकावरून मोडी शिकलो. त्यात गुपिते नव्हती, दैनंदिनीही नव्हती. मोहल्ल्यांच्या नावांखाली छोट्या छोट्या नोंदी होत्या : अमक्या घरी वाचणारे कोणी नाही, सायंकाळी जाणे, तमक्या आजींच्या मुलाचे पत्र दोन महिने नाही, विचारपूस करणे, एका घरी मुलगी वाचावयास शिकली, आता जाण्याचे कारण नाही. या शेवटच्या नोंदीपुढे त्यांनी लहानसे फूल काढले होते.

आज तारयंत्र बंद झाले आहे. २०१३ सालीच त्याने निरोप घेतला. कार्डे क्वचित येतात आणि पत्र वाचून दाखविणाऱ्याची कोणास गरज भासत नाही. असे व्हावे, हीच आबांची इच्छा होती. परंतु ज्याला वाचता येते त्याने खरे तेच वाचावे, ही गरज काही संपलेली नाही. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वही, एखादे पिवळे पडलेले कार्ड असेल. आजी-आजोबा आहेत, तोवर त्यांच्याजवळ बसून ते वाचून घ्या.