बत्तीस डोंगर आणि एक हट्टी उडी

हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्यासारख्या गावांत एके काळी निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीचं नाव क्वचितच कुणाच्या तोंडी असे. घरात यायचा तो तिच्या यंत्राची नक्कल असलेला 'टीव्ही गेम': प्लास्टिकचा डबा, दोन रिमोट आणि '९९९९ इन १' छापलेली कॅसेट. यादी कितीही लांबलचक असली तरी खरे गेम मोजकेच. बाकी त्यांचेच पुढचे टप्पे, वेगळ्या नावांनी. त्या यादीत 'आइस क्लाइंबर' हमखास सापडे, आणि त्याला कारणही होतं. अख्खा गेम २४ किलोबाइटचा, त्याला कॅसेटमध्ये मेमरी अदलाबदल करणारी जादा चिप लागत नाही. नकली कॅसेट बनवणाऱ्यांना असा गेम स्वस्तात बसवता येई. 'सर्कस चार्ली'ही असाच घरोघरी पोचला.

निन्टेन्डोने 'आइस क्लाइंबर' जानेवारी १९८५ मध्ये काढला, 'सुपर मारिओ'च्या काही महिने आधी. प्रोग्रामर काझुआकी मोरिता. त्यांनी पुढे 'मारिओ'वरही काम केलं. काँडोर पक्ष्याने पळवलेली भाजी परत आणायला पोपो आणि नाना हे दोघे गिर्यारोहक हातोडा घेऊन बर्फाचे ३२ डोंगर चढतात. डोक्यावरच्या विटा फोडायच्या, भोकातून वरच्या मजल्यावर जायचं. शिखराजवळ ४० सेकंदांत वांगी, गाजरं, कोबी गोळा करायची. फार रेंगाळलं तर काळा चष्मा लावलेलं पांढरं अस्वल येऊन जमिनीवर धपकन आदळतं आणि पडदाच वर सरकवतं. असा विक्षिप्त कारभार मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये इतका आवडलेला नाही.

अवघड आहे ती उडी. पोपो सरळ वर भरपूर उडतो, हवेत आडवा मात्र जेमतेम सरकतो. पाय कडेला टेकला असं वाटतं आणि गडी विटेच्या कोपऱ्यातून थेट खाली! मारिओची सवय असलेला हात इथे उपयोगाचा नाही. उडण्याआधीच जागा ठरवावी लागते.

दोघं खेळायला बसले की भांडण ठरलेलं. वर चढणाऱ्याबरोबर पडदा सरकतो आणि खाली राहिलेल्याचा जीव जातो. "दादा, थांब ना!" हे त्या खेळातलं सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य असेल. जोडीदाराची वाट पाहायची की भाजी आधी गाठायची, हा पेच गेमनेच मुद्दाम घातलेला आहे, आणि त्यामुळेच हा गेम एकट्याने खेळण्यात अर्धी मजा जाते.

जुनी यंत्रं उघडून दुरुस्त करताना एक गोष्ट स्पष्ट दिसते: आपल्याकडची अडचण निम्मी यंत्राची होती. रिमोटच्या बटणाखाली रबराच्या गाद्या असतात, त्यांच्या तळाला कार्बन. तो झिजला की बटण दाबूनही उडी लागत नाही, आणि पोरं गेमला दोष देत. त्यात गेम जतन करायची सोय नाही. लाइट गेली की सगळे डोंगर पहिल्यापासून. (खेळ सुरू होण्याआधीच हवा तो डोंगर निवडता येतो, हे अनेकांच्या लक्षातच आलं नाही.)

दुसऱ्या बाजूने यंत्राने सवलतही दिली होती. गेम लिहिलेला जपानी टीव्हीसाठी, सेकंदाला ६० चित्रं धरून. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, ५० चित्रांचे. त्यांच्यासाठी जुळवलेल्या नकली यंत्रांवर सगळा खेळ साधारण सहाव्या हिश्श्याने मंद चाले. ढग सावकाश सरकत, अस्वलही सावकाश येई. आज मोबाइलवर हाच गेम लावून "लहानपणी जमायचं, आता हात गेला" म्हणणाऱ्यांना माझं हेच सांगणं असतं: हात गेलेला नाही, वेग वाढलाय.

म्हणून पुन्हा खेळायचाच तर इम्युलेटरच्या (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या ॲपच्या) सेटिंगमध्ये 'डेंडी' हा पर्याय शोधावा. रशियात गाजलेल्या नकली यंत्राचं ते नाव. तो निवडला की ५० चित्रांचा जुना वेग मिळतो. मागे फिरवायची सोय बंद ठेवावी, आणि दुसरा रिमोट जोडून शेजारी कुणाला तरी बसवावं.