रेडी : नकाशाच्या टोकावरील गाव

पाहिलेल्या प्रत्येक गावावर नकाशात लाल खूण करण्याची हौस अनेकांना असते. पूर्वी भिंतीवरील नकाशात टाचण्या खोचल्या जात; आता मोबाइलच्या पडद्यावर बिंदू उमटतात. खुणा वाढल्या की मनास समाधान लाभते. परंतु खूण म्हणजे खातेवहीतील केवळ एक रक्कम असते. त्या रकमेमागील व्यवहार तिच्यात दिसत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वेंगुर्ले तालुक्यातील रेडी येथे ही गोष्ट विशेषत्वाने जाणवते.

रेडी हे महाराष्ट्राच्या किनारपट्टीचे दक्षिण टोक. पलीकडे तेरेखोलची खाडी आहे. नकाशा वरवर पाहणाऱ्यास वाटते की खाडी हीच गोव्याची सीमा असावी. परंतु रेषा बारकाईने पाहिली, तर खाडीच्या उत्तर तीरावरील तेरेखोल किल्लाही गोव्यात मोडतो. सावंतवाडीकरांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी जिंकला. १९६१ साली गोवा मुक्त झाला, तरी ती जुनी सीमा राज्याची सीमा म्हणून कायम राहिली. लढाईचा निकाल आजही नकाशावर असा वाचता येतो.

रेडीचे नावही जुने आहे. चालुक्यकालीन ‘रेवतीद्वीप’ म्हणजेच आजचे रेडी, असे अनेक इतिहासकार मानतात. ऐहोळे येथील मेगुती जैन मंदिराच्या भिंतीवर जैन कवी रविकीर्ती याने इ. स. ६३४ मध्ये रचलेली प्रशस्ती कोरलेली आहे. मंगलेशाने रेवतीद्वीप जिंकल्याचा उल्लेख तीत असून, तटावर चढलेल्या सैन्याचे समुद्राच्या पाण्यात पडलेले प्रतिबिंबही कवीने वर्णिले आहे. हे नाव नकाशाने नव्हे, तर मंदिराच्या भिंतीने जपले. आज खाडीकाठच्या यशवंतगडाच्या तटावर झाडांची मुळे पसरलेली पाहताना त्या प्रतिबिंबाची आठवण होते.

गेल्या शतकात येथील भूमीच पालटली. लोहखनिजासाठी डोंगर खोदले गेले. त्याच खाणीत १९७६ साली द्विभुज गणेशमूर्ती सापडली आणि रेडी यात्रेकरूंच्या नकाशावर आली. मात्र १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर. तेथे डोंगराची उंची समोच्च रेषांनी दाखवलेली असते. डोंगर खणला की त्या रेषा जुन्या दस्तऐवजासारख्या उरतात. त्यांचा आणि जमिनीचा ताळा मग जुळत नाही. गेलेली उंची नवी मोजणी दाखवू शकते. परत आणू शकत नाही.

जैन परंपरेत नकाशाकडे पाहण्याची एक निराळी रीत आहे. कार्तिकी पौर्णिमेस शत्रुंजयाच्या यात्रेला जाऊ न शकणारे श्रावक तीर्थपटासमोर उभे राहून भावयात्रा करतात. पटावरील वाट, पायऱ्या आणि मंदिरे यांवरून दृष्टी सावकाश फिरते. पाय तेथे पोहोचलेले नसतात, तरी मन पोहोचते. लाल खुणांच्या बाबतीत पुष्कळदा याच्या उलट घडते.

म्हणून रेडीस गणपतीचे दर्शन घेऊन अर्ध्या तासात परत फिरणाऱ्याने खूण अवश्य करावी. परंतु यशवंतगडावर थोडे थांबावे, गोव्याची सीमा निरखावी, खणलेला डोंगर पाहावा आणि खुणेशेजारी दोन ओळी लिहून ठेवाव्यात. पुढे नातवंडे तो नकाशा उघडतील, तेव्हा बिंदूपेक्षा त्या ओळीच त्यांना रेडीपर्यंत नेतील.