देवदूतांचा वाटा

लिझ्यू हे नाव आपल्या घराघरांत बाळ येशूच्या संत तेरेजामुळे परिचित आहे. फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांताच्या ज्या भागात हे नगर वसले आहे, तो 'पेई दोज' प्रदेश सफरचंदांपासून होणाऱ्या पेयांसाठीही ख्यातनाम आहे. यात्रेच्या निमित्ताने आम्हांस तो पाहावयास मिळाला. उंच झाडे, त्यांच्या छायेत चरणाऱ्या गाई आणि शरद ऋतूत गवतावर विखुरलेली लहान, ओबडधोबड फळे! यांपैकी कित्येक फळे इतकी कडवट व तुरट असतात की, ती कोणी खाण्यासाठी घेणार नाही.

ही फळे वेचून, ठेचून त्यांचा रस काढतात. थंडीच्या दिवसांत तो सावकाश आंबला की सायडर तयार होते. तेच सायडर तांब्याच्या भट्टीत दोनदा ऊर्ध्वपातित करतात. आरंभीचा आणि अखेरचा अंश बाजूस काढून मधलाच घेतात. सुमारे ७० टक्के तीव्रतेचा हा अर्क पाण्यासारखा निर्मळ असतो. ओक लाकडाच्या पिंपांत निदान २ वर्षे मुरल्यावरच त्यास 'काल्वादोस' म्हणता येते. न आंबलेल्या रसात काल्वादोस मिसळून पुन्हा पिंपांत मुरवले की 'पोमो' होते. ते भोजनापूर्वी घेतात.

या उद्योगाची नोंद जुनी आहे. जिल द गुबरव्हिल या नॉर्मन जमीनदाराच्या १५५३ च्या रोजनिशीत सायडरच्या ऊर्ध्वपातनाचा उल्लेख आढळतो. पेई दोजच्या काल्वादोसला १९४२ मध्ये नामसंरक्षण लाभले.

आमच्या मनात भरली ती या कामातील प्रतीक्षा. उंच जातीचे झाड भरघोस फळावर येण्यास दहाहून अधिक वर्षे लागतात. लावणारा बाप आणि उत्तम अर्क चाखणारा मुलगा, असे सहज घडते. पिंपातून दरवर्षी थोडा अर्क हवेत विरून जातो. त्यास तेथे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात.

परंतु या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. फळबागवाल्यांना घरापुरता अर्क करमुक्त गाळण्याचा वंशपरंपरागत हक्क फ्रान्समध्ये होता. व्यसनाने संसार उद्ध्वस्त होत असल्याने पंतप्रधान पिएर मांदेस फ्रान्स यांनी १९५४ मध्ये मद्यपानाविरुद्ध मोहीम उघडली व शाळांतून मुलांना दूध दिले. ते स्वतः नॉर्मंडीतूनच निवडून आलेले होते! १९६० मध्ये तो हक्क पुढील पिढीस देण्याची वाट बंद झाली. तरीही कला बुडाली नाही. नियमांच्या चौकटीत राहून कित्येक कुटुंबांनी ती जतन केली.

आपल्याही समाजात लग्नसमारंभांतून पेल्याला मान आहे, आणि त्याच पेल्यापायी रडणारी घरेही आपल्याच धर्मग्रामांत आहेत. म्हणून मद्य करणाऱ्याचा धीर पाहताना पिणाऱ्याचा उतावीळपणा आम्हांस अधिकच खुपला. जे तयार होण्यास एका माणसाचे अर्धे आयुष्य लागते, ते एका रात्रीत रिते करणे हा त्या झाडाचा, त्या हातांचा आणि घरी वाट पाहणाऱ्यांचाही अपमान होय.