पोटातलं पाणी

माझ्या आजोबांच्या लेखी घोड्याची परीक्षा एकच होती: पाठीवर बसलेल्या माणसाच्या पोटातलं पाणी हलता कामा नये. अणदूरच्या बाजाराला ते ज्या घोडीवरून जायचे, ती दिसायला अगदीच बेतास बात. बुटकी, पोट सुटलेली, आयाळ विस्कटलेली. पण येताना खोगिराला अडकवलेल्या पिशवीतली अंडी शाबूत घरी यायची, आणि हे आजोबा पाहुण्यांना इतक्या वेळा सांगायचे की आजी ‘अंडी’ म्हटलं तरी आत निघून जायची. निजामाचं राज्य १९४८ साली गेलं, मागून एसटी आली, घोडी म्हातारी होऊन गेली. तिच्या जागी दुसरी आली नाही.

आमच्या देवघरात मात्र वेगळाच घोडा होता, खंडोबाच्या टाकावरचा. पुढचा एक पाय उचललेला, मान कमानीसारखी वळवलेली, आता उधळेल की मग अशा बेतात. आमच्या भागात खंडोबाचा मान मोठा. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांनी देव वाटून घेतलाय. वर्षातले दहाएक महिने मूर्ती अणदुरात आणि दोनेक महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. टाक घासायचं काम लहानपणी माझ्याकडे होतं. चिंच लावून घासताना त्या उचललेल्या पायावरून अंगठा फिरायचा आणि मनात यायचं, हा घोडा देवाच्या पोटातलं पाणी नक्कीच हलवत असणार.

पुढे पशुवैद्य झालो, नोकरी सगळी मराठवाड्यातच झाली, आणि लक्षात आलं की बाजार टाकावरच्या घोड्याचा आहे. अंड्यांच्या घोडीला गिऱ्हाईक नाही. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथला घोडेबाजार जुना आणि नावाजलेला. घोडं दाखवायची तिथली रीत बघा: मालक लगामाला हिसका देतो, टाच मारतो, पुन्हा हिसका देतो. घोडं जागच्या जागी थयथयतं, तोंडाला फेस येतो, डोळ्याचं पांढरं दिसायला लागतं. भोवतीची माणसं म्हणतात, काय रग आहे! मी बघायचो ते ओठाचे कोपरे. वरातीच्या घोड्यांच्या तोंडातून काटेरी लगाम किती काढले याची गणती नाही. असल्या काट्यांना आपल्याकडे १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. नियम कागदावर, काटा जिभेवर. जे थयथयणं लोक रग म्हणून विकत घेतात, त्यातलं निम्मंअधिक दुखणं असतं. हे माझं मत एकाही व्यापाऱ्याने कधी मान्य केलेलं नाही.

आणि खरोखर शांत घोडी बघायची तर आमच्या माळावरून जाणाऱ्या धनगरांच्या वाड्याबरोबर बघावीत. पाठीवर भांडी, वाकळा, त्यावर कोंबड्या, कधी कोंबड्यांच्या शेजारी बांधलेलं लेकरू. शेजारून ट्रक भोंगा वाजवत गेला तरी कान फिरतो, पाऊल फिरत नाही. भीमा खोऱ्यातल्या या भीमथडी घोड्यांना आता कुठे देशी जात म्हणून नोंद मिळाली. एके काळी मराठ्यांचं घोडदळ ज्यांच्या पाठीवर होतं, त्यांची ओळख आता कोंबड्या वाहणारी तट्टं अशी झाली.

धावतानाही घोडं शांत राहू शकतं, हे मला कळलं ते नागपूरला. पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना एनसीसीच्या अश्वपथकात होतो. शिकवायला लष्करातले रिसालदार साहेब. त्यांनी आम्हाला उडी शिकवायच्या आधी जमिनीवर नुसत्या दांड्या टाकल्या. आम्हाला अपमान वाटला. साहेब म्हणाले, आधी घोड्याला विचार करू द्या. दुडकीसाठी दांड्यांमध्ये साधारण साडेचार फूट, कॅन्टरसाठी नऊ-दहा फूट. अंतर घोड्याच्या पावलाशी जुळलं की तुम्हाला काही करावं लागत नाही, आणि काही न करणं हेच तुम्हाला येत नाही, असं ते दर सकाळी सुनवायचे.

या पद्धतीमागे काप्रिली नावाचा एक इटालियन घोडदळ अधिकारी होता. त्याच्या आधी उडीच्या वेळी स्वार मागे रेलायचे आणि तोल जाऊ नये म्हणून लगामाला लोंबकळायचे. घोड्याच्या पाठीला आणि तोंडाला एकदमच शिक्षा. काप्रिलीने स्वाराला पुढे झुकवलं, हात सैल करवले आणि घोड्याचं काम घोड्यावर सोपवलं. १९०७ मध्ये, चाळिशीच्या आत, घोड्यावरून पडूनच तो गेला. पण पुढच्या काही दशकांत जगभरच्या घोडदळांनी त्याची बैठक उचलली, आणि तीच फिरत फिरत नागपुरात आमच्यापर्यंत आली.

नंतरची वर्षं गाई-म्हशींत आणि उस्मानाबादी शेळ्यांत गेली. घोडं क्वचित, तेही पोटशूळ नाही तर धनुर्वात. दांड्या विसरल्यातच जमा होत्या. मग मी सेवानिवृत्त झालो आणि पुतण्याने माळेगावहून एक शिंगरू आणलं. मारवाडी मिश्रणाची मादी, कानाची टोकं एकमेकांना टेकणारी, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय. प्लास्टिकची पिशवी, पाण्याची मोटर, स्वतःची सावली. ती चार दाती होईपर्यंत, म्हणजे साडेतीन वर्षांची होईपर्यंत, मी कुणाला तिच्यावर बसू दिलं नाही. घोड्याच्या पाठीचे मणके पुरते पक्के व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. आमच्याकडे दोन वर्षांच्या पोराला नवरदेव वाहायला लावतात, आणि दहाव्या वर्षी ते मोडलं की नशिबाला बोल.

बसायला पुतण्याची थोरली मुलगी. वजनाने हलकी, हाताने मऊ, जिभेने नाही. बांधावरच्या निलगिरीच्या सरळ दांड्या काढल्या, सोलल्या, चुना मारला. पुतण्याला टीव्हीवर दिसतात तशा लाल पट्ट्यांच्या हव्या होत्या. घोड्याला निळा-पिवळा ओळखू येतो, लाल-हिरव्यात त्याचा गोंधळ उडतो. इंग्लंडमधल्या शर्यतींत अलीकडे अडथळ्यांवरचा नारिंगी रंग काढून पांढरा लावला, तो याच कारणाने. चुना स्वस्तही पडतो.

पहिली दांडी एकटीच टाकली. घोडीने मान खाली घातली, फुरफुरली, आणि साप दिसावा तशी चार फूट उंच उडून पलीकडे गेली. चार बोटं जाड दांडीसाठी चार फूट! पुन्हा आणली. हुंगू दिलं. पायाने ढकलू दिलं. घोड्याचे डोळे बाजूला असतात, त्यामुळे नाकाच्या अगदी पुढ्यातलं आणि खालचं त्याला दिसत नाही. शेवटच्या पावलाला दांडी त्याच्या नजरेआड झालेली असते. तिच्यावरून जायचं ते आधी पाहिलेल्याच्या भरवशावर. हे कळलं की घोड्याला भित्रं म्हणायला जीभ रेटत नाही.

पावलाने जमलं, दुडकीने जमलं, कॅन्टरला गाडं अडलं. ही तीन ठोक्यांची चाल. मागचा एक पाय, मग मागचा-पुढचा तिरपा जोड, मग पुढचा राहिलेला पाय, आणि नंतर क्षणभर चारही हवेत. या चालीत घोड्याचा श्वास पावलाला बांधलेला असतो. एक झेप, एक श्वास. घोडी घाबरली की पाऊल आखडायची, श्वास आखडायचा, मग खूर दांडीला ‘टक्’ लागायचा, त्या आवाजाने आणखी भ्यायची आणि उधळायची. बघणाऱ्याला वाटावं, काय जोर आहे पोरीत.

‘आबा, ही ऐकतच न्हाई.’

‘तू लगाम ओढू नको म्हंजी झालं.’

‘ओढला न्हाई तर नळदुर्गात नेऊन सोडंल मला.’

तेव्हा दांड्या बाजूला केल्या. मुरमाचा पट्टा पाणी मारून दाताळ्याने सारखा केला आणि तिला त्यावरून मोकळी सोडली. मग टेप घेऊन त्याच खुराचे ठसे मोजत बसलो. शांत असताना तिची झेप साडेनऊ फुटांची भरली. तीन दांड्या तेवढ्याच अंतरावर मांडल्या, पण तिला सरळ त्यांच्यावर नेलं नाही. आधी शेजारी मोठं वर्तुळ. वर्तुळातच चाल लागली, मान लांबली, नाकातून ‘फुर्र’ झालं, की त्याच वर्तुळातून अलगद दांड्यांवर. नाही झालं तर वर्तुळ चालूच, कसलाही राग नाही. दोन-तीनदा चांगलं झालं की खोगीर उतरवायचं. पुतण्याचं म्हणणं होतं की दमवा, आपोआप शांत होईल. दमलेलं घोडं शांत दिसतं खरं, पण दुसऱ्या दिवशी ते ताजंतवानं होऊन तीच भीती घेऊन उभं राहतं.

तरीही तिसऱ्या दांडीला ती आखडायचीच. मी घोडीकडे बघणं सोडलं आणि मुलीकडे बघायला लागलो. दांड्या आल्या की ती श्वास रोखत होती. श्वास रोखला की मांड्या आवळतात, आणि खालच्या जनावराला वाटतं की वर कुणाला तरी काही भयंकर दिसलंय. श्वास घे म्हणून सांगून कुणी घेत नाही. मी तिला पाढे म्हणायला लावले, मोठ्याने, एकोणतिसाचा. ‘एकोणतीस दुणे अठ्ठावन्न’ पहिली दांडी, ‘एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी’ पुढची. जिथे ती पाढ्यात अडखळायची तिथे घोडी पावलात अडखळायची. पाढा सुधारला तशी चाल सुधारली. शाळेतल्या बाईंना याचं श्रेय कुणी कळवलं नाही.

वराती लावणारा एक ओळखीचा एकदा बघायला आला. घोडी तीन दांड्या ओलांडून गेली, त्याला काही घडलेलंच दिसलं नाही. म्हणाला, ‘डाक्टर, रगच न्हाई हिच्यात.’ मला माउलींचा अश्व आठवला. वारीच्या गोल रिंगणात तो सुटतो तेव्हा पाठीवर स्वार नसतो, तोंड ओढणारं कुणी नसतं. चहूबाजूंनी टाळ-मृदंग, लाखभर माणसं, आणि तो रिंगण धरून भरधाव निघतो. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येणाऱ्या या अश्वाच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. त्या वेगात घाई नसते. भ्यालेलं घोडं पहिल्या फेरीतच गर्दीत घुसलं असतं. हे मी त्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी चहा संपवला आणि रिंगणाचं घोडं किती रुपयांना मिळतं ते विचारलं.

यंदा मुलगी बारावीच्या क्लासला लातूरला गेली. जाताना दांड्यांची एकाआड एक टोकं विटेवर टेकवून गेली, म्हणजे उंची वीतभर वाढली. आता बसतो तिचा धाकटा भाऊ. तो इंग्रजी शाळेत जातो, एकोणतिसाचा पाढा त्याला मराठीत येत नाही. ‘ट्वेंटी नाइन टू जा फिफ्टी एट’ म्हणत येतो आणि ‘सिक्स जा’पाशी हमखास अडकतो. घोडी अडकत नाही. ती तिसरी दांडी ओलांडून वळणाला लागलेली असते आणि हा वर बसून अजून बोटं मोजत असतो.