माक्याचे तेल

माझ्या डोक्यावरील केसांनी चाळिशीतच माझा निरोप घेतला, तेव्हा मला फारसे वाईट वाटले नाही. टक्कल ही आमच्या घराण्याची वडिलोपार्जित इस्टेटच आहे! पण विषमज्वरातून उठलेल्या माझ्या मुलीच्या फणीत केसांची गुंतवळे येऊ लागली व ती आरशासमोर जाईनाशी झाली, तेव्हा माझा विनोद पार आटला.

हवापालटासाठी तिला होटगीला आत्याकडे नेले. होटगीस सोलापूरकडून येणारा लोहमार्ग दुभंगतो; एक फाटा वाडीकडे जातो, दुसरा गदगकडे. आमच्या घरातही तसेच दोन फाटे फुटले. आत्याने माक्याचा रस, जास्वंदीची फुले व आवळा खोबरेलात घालून कढविण्यास घेतले. तडतड थांबेपर्यंत ती शेगडीपुढून हलली नाही. मी मात्र मनात मिनॉक्सिडिल धरून मुलीसह सोलापूरच्या डॉक्टरांकडे गेलो. मूळचे हे रक्तदाबावरचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढताना दिसले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते टकलावर लावण्यास मान्यता मिळाली.

डॉक्टर हसून म्हणाले, "टक्कल निराळे, हे निराळे. मोठ्या तापानंतर पुष्कळसे केस एकदमच विश्रांती घेतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. मुळे शाबूत आहेत. केस आपोआप येतील. हिला नीट जेवू घाला."

कारण कळणे ही केवढी गोष्ट आहे! २०२५ च्या आरंभी शेगाव तालुक्यातील कित्येक गावकऱ्यांचे केस थोड्याच दिवसांत गळाले. डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याचा संबंध रेशनच्या गव्हातील सेलेनियमशी जोडला. तेथे बिचारे माक्याचे तेल काय करणार?

सहा महिन्यांनी मुलीचे केस भरून आले आणि सारे श्रेय तेलाला मिळाले. मला राहवले नाही. आत्याला मी डॉक्टरांचे म्हणणे ऐकविले.

"ते का मला ठाऊक नाही?" ती शांतपणे म्हणाली. "तुझ्या टकलावर कधी घातलं का मी ते तेल? केस यायचे तेव्हा येणारच होते रे. पण तोवर पोरीनं दिवस काढायचे कसे?"

मी निरुत्तर झालो. फणीकडे पाहून रडणारी माझी मुलगी रोज संध्याकाळी त्या म्हातारीच्या मांडीवर डोके टेकून निवांत डोळे मिटीत असे, हे मी पाहिले होते. पण त्याची गणना मी औषधात केली नव्हती.